जागरणाचं वजन

धरणगाव
२२ जुलै २०२४

सौ. हेमलता हिस,
कोकिळाचे आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे. का, ते तुला ठाऊक आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ‘हो अक्का, हो अक्का’ म्हणत गप्प होतेस. कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येतं आणि तुला उत्तर द्यावंच लागतं. इतकी वर्षं शाळेत मुलांकडून पत्रलेखन करून घेतलं, आता रिटायर झाल्यावर स्वतःला उपयोग होऊ दे.

काल मयुरीच्या वाढदिवसाला धुळ्याला आले, तेव्हा पाहुण्यांसमोर बोलले नाही. माय माझ्यासमोर बसली होती. हात वर केला की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. गळ्याची हाडं वर आलीत. दोन वर्षांपूर्वी हीच बाई पाट्यावर ठेचा वाटून मला डबा भरून द्यायची. आणि तू? ब्लाउजची शिवण दोन्हीकडून सोडलेली दिसत होती. जिना चढून आलीस तर बोलायला दम उरला नव्हता. एका चुलीवरचं जेवण, त्यात सासू वाळते आणि सून फुगते, हे कसं?

सरळ विचारते. मायच्या ताटात काय पडतं?

हितेंद्र सुरतला मिलमध्ये. महिन्यातून एकदा घरी येणाऱ्या माणसाला काय दिसणार? लोकांना मात्र डोळे आहेत. जेवताना नंदुरबारची काकू म्हणालीच, “कोकिळा, तुझी भावजय चांगली सुखात दिसते. तुझ्या मायच्या अंगाला काही लागत नाही वाटतं.”

मायला रोज दूध दे, बदाम भिजवून दे. तू रात्रीचं जेवण सोड. पहाटे साडेचारला ऊठ आणि एकवीरेच्या देवळापर्यंत चालत जाऊन ये. मी इथे रोज चालते. राग आला तर येऊ दे, पण उत्तर लिही.

कोकिळा


धुळे
३ ऑगस्ट २०२४

ति. अक्कांना,
हेमलताचा नमस्कार.

पत्र मिळालं. राग नाही आला. तुमची आई आहे, तुम्ही विचारणारच.

आईंच्या ताटात आमच्या ताटात असतं तेच पडतं. त्या दोन घास खातात आणि ताट सरकवतात. भरवायला गेलं की लहान मुलासारखं तोंड मिटून घेतात. दूध देते, कधी पितात, कधी तुळशीला घालतात. दवाखान्यात दाखवलं, वयामुळे आहे म्हणाले. रात्री त्यांना अधूनमधून जाग येते, त्यानेही अशक्तपणा असेल.

माझं म्हणाल तर खरंच वजन वाढलं आहे. कोर्टाजवळच्या दुकानात दिवसभर टायपिंग, बसून काम. कालपासून पहाटे चालायला जाते आहे. रात्रीचं जेवणही सोडलं.

हे लिहीत होते तेव्हा आई शेजारी येऊन बसल्या. कोणाला लिहितेस, म्हणाल्या. मी म्हटलं, कोकिळा अक्कांना. त्यांनी विचारलं, “कोकिळानी शाळा सुटनी का?” मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

मोतीलाल दाजींना नमस्कार.

हेमलता


धरणगाव
१७ सप्टेंबर २०२४

सौ. हेमलता,

माझी शाळा सुटली हे मायच्या लक्षात आहे, वाचून समाधान वाटलं. या वयात इतकी स्मरणशक्ती किती जणांना असते?

पण दुसरी गोष्ट ऐकली. आमच्या गल्लीतला तो नवीन नावाचा पोरगा कोर्टाच्या कामाला धुळ्याला आला होता. प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला तुमच्या दुकानात गेला, तर तू कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर कपाळ टेकून झोपलेली. पडद्यावर पानभर ‘ळ’ उमटला होता म्हणे. सकाळी अकरा वाजता. त्याने हसत हसत सांगितलं, मला मान खाली घालावी लागली.

आता कळलं अंग कशाने सुटतंय. मी उगाच जेवणाला दोष दिला. झोपाळू माणसाचं अंग सुटायचंच, बसलेल्या म्हशीसारखं. रात्रभर झोपायचं आणि दिवसा पुन्हा दुकानात पेंगायचं, याला काय म्हणावं? तुझ्या वयात घर, शाळा, दोन पोरं सांभाळून मी पाच तास झोपत होते. माणसाला तेवढी पुरते. झोप कमी कर हेमलता, बाकी सगळं आपोआप होईल.

नवीनच्या हाती जवसाची चटणी पाठवते आहे. ती मायसाठी आहे.

कोकिळा


धुळे
२ ऑक्टोबर २०२४

अक्का,

झोप कमी कर असं लिहिलंत. किती कमी करू?

आई रात्री झोपत नाहीत. दीड वर्ष होऊन गेलं. दिवे लागले की त्यांना हे घर आपलं वाटत नाही. पिशवीत एक लुगडं आणि कंगवा घालतात आणि “माले घर जानं शे” म्हणत दाराशी जातात. एकदा मला डोळा लागला तेव्हा कडी काढून गेल्या होत्या. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळापाशी सापडल्या, अनवाणी. तेव्हापासून मी दाराला खाट लावून झोपते. झोपते म्हणजे पडते. त्या घरभर फिरतात. ओट्यावरची भांडी खाली उतरवतात, परत वर लावतात. मला हलवून विचारतात, “तू कोन शे वं?” कधी मी त्यांची धाकटी जाऊ असते, कधी दवाखान्यातली बाई, कधी चोर. चोर असले की मारतात. मी खरं काय ते सांगायची, त्यावर त्या रडायच्या. आता विचारतील त्याला हो म्हणते.

उजाडायला आलं की त्या झोपतात. तेव्हा माझं पाणी, मयुरीचा डबा, दुकान. दिवसभर त्या गुंगीत असतात, शेजारच्या बाई लक्ष ठेवतात, म्हणून जेवणही होत नाही. रात्रभर चालणारं माणूस दोन घासांवर वाळणार नाही तर काय होईल?

मी खाते हेही खरं आहे. जागं राहायला तोंडात काहीतरी लागतं. पोळी-गूळ, शेव, मयुरीची बिस्किटं. जेवण सोडलं तर रात्री जास्तच खाल्लं जायचं. पोट भरलेलं असतं तरी हात डब्याकडे जातो. दुसऱ्या दिवशी अंग इतकं जड होतं की दोन गल्ल्या चालायच्या तर रिक्षा शोधते. तुम्ही सांगितलं म्हणून पहाटे चालायला जायला लागले. आईंचा डोळा लागल्यावर मला जी थोडी झोप मिळायची तीही गेली. त्या महिन्यात वजन तीन किलोने वाढलं.

गेल्या सोमवारी स्कूटीवर डोळा लागला आणि पारोळा रोडला दुभाजकावर आदळले. हाताला टाके पडले, बाकी काही नाही. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी वजन केलं, शुगर तपासली. ती वाढलेली निघाली. मला वाटलं, आता विचारतील काय काय खाता. सगळे तेच विचारतात. त्यांनी विचारलं, “रात्री झोप किती मिळते?” अक्का, मला हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. बाहेरचे पेशंट आत डोकावून बघत होते.

त्या म्हणाल्या, “झोप तुटली की शरीराचा भुकेचा हिशेब बिघडतो. भूक लागल्याचा निरोप जास्त जातो, पोट भरल्याचा कमी. गोड, तळलेलंच हवंसं वाटतं. थकव्याने हालचालही कमी होते. कमी झोपणाऱ्यांमध्ये वजन वाढलेलं पुष्कळदा दिसतं. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, आणि तुमचं सगळं वजन त्यानेच वाढलं असंही मी म्हणणार नाही. पण आधी झोपा. उपाशी राहू नका, पहाटे उठू नका. झोपा.” मी विचारलं, “कशी?” त्यांनी चिठ्ठीवर पुढची तारीख लिहिली.

हे तुम्हाला कळवू नको असं मयुरीच्या पप्पांनी बजावलं होतं. “अक्का म्हणेल माझ्या मायला वेडी ठरवली,” असं म्हणाले. आणि शाळेचं जे मी लिहिलं होतं, ते तुमच्या रिटायर होण्याबद्दल नव्हतं. त्यांच्या मनात तुम्ही अजून परकर-पोलक्यात आहात. पाटी घेऊन घरी यायची वेळ झाली आणि तुम्ही आला नाहीत, म्हणून विचारत होत्या.

हेमलता


धरणगाव
७ ऑक्टोबर २०२४

हेमलता,

पत्र दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं.

माझा विश्वास बसत नाही. जिने लग्नाच्या पंगतीत शंभर जणांचं नातं न चुकता सांगितलं, ती स्वतःच्या सुनेला ओळखत नाही? म्हातारं माणूस घरात एकटं पडलं, कोणी दोन शब्द बोलायला नसलं, की बावरतं. त्याला तुम्ही आजार म्हणता.

रविवारी येते आणि तिला घेऊन जाते. माझ्याकडे सून नाही, नोकरी नाही, वेळच वेळ आहे. तिचे कपडे बांधून ठेव.

हाताला पाणी लागू देऊ नकोस.

कोकिळा


धुळे
२७ ऑक्टोबर २०२४

ति. अक्कांना नमस्कार.

आई गेल्यावर पहिले काही दिवस मी तशीच जागी होते. उठून दार बघायची. मोकळी खाट दिसायची आणि चपला शोधायला लागायची, मग आठवायचं. कोजागिरीनंतर एका रात्री जेवण करून आडवी झाले ती एकदम सकाळीच जागी झाले. मयुरी उशाशी बसली होती. तिने मला इतकं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ती माझ्या नाकापुढे बोट धरून बघत होती.

आता रोज झोपते. दुकानात मालक म्हणाले, “हेमलताबाई, आजकाल तुमच्या कागदात चुका निघत नाहीत.” रात्री काही खावंसं वाटत नाही. मी प्रयत्न केलेला नाही, वाटतच नाही.

आईंचं काही सांगायचं राहिलं होतं. त्यांच्याशी वाद घालू नका. स्वेटर त्या काढून टाकतात, तर मागून बटणं येतील असा घाला. दुपारी जरा उन्हात बसवून जागं ठेवलं तर रात्री थोड्या स्वस्थ असतात. मला ते जमलं नाही, दुकान होतं. मागच्या दाराला खाली कडी आहे का तुमच्याकडे? असेल तर वरही एक लावून घ्या.

त्या माझी आठवण काढतात का? काढत नसतील. सहज विचारलं.

हेमलता


धरणगाव
२५ नोव्हेंबर २०२४

हेमा,

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा माय इतकी शहाण्यासारखी वागली की मला वाटलं, आपण बरोबर होतो. मी तिची वेणी घालायची, ती मला जुन्या गोष्टी सांगायची. गल्लीत मी सांगत फिरले, बघा, माणसाला माणूस लागतं.

भाऊबीजेला हितेंद्र आला. मायने त्याला लगेच ओळखलं, स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवली. संध्याकाळच्या गाडीने तो सुरतला निघाला तेव्हा आम्ही हौसेने तिलाही स्टेशनवर घेऊन गेलो. तीच चूक झाली. आमच्या घरातून गाडीचा आवाज येतो हे मी कौतुकाने सांगायची. आता रात्री कुठलीही गाडी, मालगाडीसुद्धा, आली की ती उठून बसते. “गाडी उनी, मना आंडोर उना.” पोराला आणायला लुगडं सावरते आणि निघते. अडवलं तर मला नखं लागतात. काल ह्यांच्या अंगावर तांब्या फेकला. हे म्हणतात, दिवसभर कापसाच्या हंगामात जिनिंग मिलमध्ये राबायचं आणि घरी हे, मी गच्चीवर झोपतो.

परवा मध्यरात्र उलटून गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी होते. माय खोलीत बडबडत होती. माझा हात शेवेच्या डब्यात होता आणि मी मूठ भरभरून खात होते. चव कळत नव्हती. डबा रिकामा झाला तेव्हा मला तू आठवलीस. तुझ्या ब्लाउजच्या शिवणीबद्दल मी काय काय लिहिलं, तेही आठवलं. माझ्या परकराची नाडी आता घट्ट होते, आणि मला कोणी विचारलं तर मी काय सांगणार आहे?

सकाळी फिरायला जाणं बंद झालं. काल मी मायला ओरडले. हातही उगारला. मारलं नाही. ती डोक्यावर हात घेऊन कोपऱ्यात बसली, जशी मी वर्गात एखाद्या पोराला बसवायची तशी.

हेमा, मी साठीला आले. तिला घेऊन जा म्हणत नाही. पण तू ये. काही दिवस दोघी मिळून पाहू.

कोकिळा


धुळे
१ डिसेंबर २०२४

अक्का,

पत्र वाचलं आणि लगेच पिशवी भरायला घेतली. मग थांबले.

तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. मला यायचं आहे आणि माझे पाय उचलत नाहीत. दीड वर्षाने मी माणसासारखी झोपते आहे. मागच्या आठवड्यात तपासलं तर शुगर उतरली होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, असंच चालू द्या. पुन्हा त्या दारापाशी खाट टाकायची, या विचारानेच मला घाम फुटतो. लाज वाटते, पण तसं आहे.

मला दोन आठवडे द्या. मयुरीची चाचणी परीक्षा तोपर्यंत होईल. पंधरा तारखेला रविवार आहे, त्या दिवशी मी नक्की येते. नंतर आईंना पुन्हा इथे आणू, आणि एक महिना तुमच्याकडे, एक महिना माझ्याकडे असं ठेवू. म्हणजे कोणीच पार मोडणार नाही. मयुरीच्या पप्पांशीही बोलले, मोठ्या सुट्टीवर या म्हणून. बघतो म्हणाले.

तुम्ही ओरडलात त्याचं फार लावून घेऊ नका. मी पण ओरडले आहे. त्या विसरतात, आपण विसरत नाही.

थंडी वाढली आहे. त्यांचा स्वेटर.

हेमलता


धरणगाव
५ जानेवारी २०२५

हेमा,

तेराव्यापर्यंत तू इथे होतीस. एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर पडत होतो, पण एकमेकींशी बोललो नाही. बाया येत-जात होत्या म्हणून नव्हे. तुझ्याकडे बघितलं की मला पंधरा तारीख दिसायची, आणि माझ्याकडे बघून तुला काय दिसत होतं ते मी ओळखलं होतं. तेव्हा जे सांगता आलं नाही ते लिहिते.

त्या रात्री, तू यायच्या चार दिवस आधी, माय त्रास देत नव्हती. पुढच्या दाराला खुर्ची लावून मी पेंगत बसले होते. ती खाटेवरून उठली. मला वाटलं, आता सुरू होणार. ती माझ्यापाशी आली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “दमनी व्हशीन. नीज वं माय.” मला ओळखून म्हणाली की आणखी कोणाला, ठाऊक नाही. मला तिच्या खाटेवर निजवलं आणि थोपटत बसली. मी इतकी थकले होते की लहान झाल्यासारखी झोपले. त्या रात्रीची झोप मला आयुष्यभर पुरेल इतकी गाढ होती.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. मागचं दार उघडं होतं. तू लिहिलेली वरची कडी मी आज लावू, उद्या लावू करत राहिले होते.

ती स्टेशनवर बाकावर बसलेली सापडली, सुरतेकडच्या बाजूला तोंड करून. अंगावर नुसतं लुगडं. चहावाल्याने दुकान उघडताना पाहिलं आणि स्वतःची घोंगडी तिच्यावर टाकली. घरी चल म्हटलं तर त्याला म्हणाली, “मना आंडोर ई राहिना शे.” तिच्या पदराला भाकरी बांधलेली होती. स्वतः चतकोर न खाणाऱ्या बाईने ती कधी उचलली, मला कळलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यात दोन दिवस तिने डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाले ही झोप नाही, ग्लानी आहे, छातीत कफ भरला आहे. मी मान हलवली. पण मला ती झोपलेलीच वाटत होती. इतकी वर्षं साठलेली झोप घेते आहे, असं.

मी तुला दोष दिला, हेमा. पहिल्या दिवशी, मनातल्या मनात. हिला दोन आठवडे हवे होते, असं म्हटलं. मग मला माझं सप्टेंबरचं पत्र आठवलं. दीड वर्ष तू एकटी जागलीस आणि मी तुला म्हशीची उपमा दिली. मी दीड महिन्यात हात उगारण्यापर्यंत आले. कुणाचं किती चुकलं हे मोजायला बसले तर मला ते जमत नाही.

आता घर शांत आहे. हे खाली येऊन झोपतात. गाडी येते, जाते. मी मात्र जागीच असते. दिवसाही डोळा लागत नाही. झोपले की मागचं दार उघडेल असं वाटतं.

कोकिळा


धुळे
२५ फेब्रुवारी २०२५

ति. अक्कांना,
हेमलताचा नमस्कार.

तुम्ही शनिवारी दुपारी परत निघालात. हे, म्हणजे मयुरीचे पप्पा, तुम्हाला बसमध्ये बसवून आले आणि लगेच सुरतला गेले. तेव्हा सांगायला वेळ नव्हता, म्हणून लिहिते.

तुम्ही शुक्रवारी आलात तेव्हा तुमचे डोळे खोल गेलेले होते. चहा अर्धा टाकून तुम्ही आईंच्या खाटेवर बसलात आणि म्हणालात, “पाच मिनिटं पाठ टेकते.” त्यानंतर सकाळी तुम्ही मला विचारलंत, “मी किती वेळ झोपले? कोणी आलं होतं का?” मी म्हटलं, फारसं काही झालं नाही. ते खरं नव्हतं.

तुम्ही झोपल्यावर मी पंखा हळू केला आणि दाराला आतून कडी लावली. मयुरीने कुकर लावला होता, तिने शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला आणि आम्ही त्या रात्री भात जरा कच्चाच खाल्ला. शेजारच्या बाई हाक मारत आल्या, त्यांना मी खिडकीतूनच खूण केली.

हे सुरतहून अंधार पडल्यावर आले. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले. आईंची खाट, तुम्ही कुशीवर, अंगावर त्यांची गोधडी. एक क्षण त्यांना काय वाटलं असेल ते मी समजले. मी म्हटलं, “अक्का आहेत. उठवू नका.” ते बूटही न काढता खाटेच्या पायाशी जमिनीवर बसले.

अक्का, तुम्हाला माहीत आहे, तेराव्यापर्यंत त्यांच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. लोक म्हणत होते, पोरगा दगडाचा आहे. मीही म्हटलं होतं, मनात. त्या रात्री ते तिथे बसून रडले. तोंडावर रुमाल दाबून, तुम्ही उठू नये म्हणून. बऱ्याच वेळाने म्हणाले, “भाऊबीजेला गाडी सुटताना तिने विचारलं, कधी येशील? मी म्हटलं, पुढच्या गाडीने येतो. ती गप्प व्हावी म्हणून म्हटलं.” मग म्हणाले, “अक्काला सांगू नको.” आधी त्यांच्या सांगण्यावरून मी दीड वर्ष तुमच्यापासून लपवलं, त्यातून काय झालं ते आपण पाहिलं. म्हणून या वेळी त्यांचं ऐकत नाही. तुम्ही भाऊ म्हणून त्यांना बोलवा आणि स्वतःहून विषय काढा. त्यांच्याने होणार नाही.

माझं वजन उतरतं आहे. फार नाही, पण ब्लाउज सैल होतात. दुकानात सगळ्या विचारतात, “छान दिसतेस, काय केलंस?” एकीने तर डाएट लिहून मागितलं. काय सांगू, सासूबाई गेल्या, आता झोपायला मिळतं? डॉक्टर बाईंना मात्र सांगितलं. त्या म्हणाल्या, “हे असं मिळालेलं कोणालाच नको असतं.” त्यांनी तुमच्या झोपेचंही विचारलं. पुढच्या वेळी आलात की त्यांच्याकडे जाऊ. आणि पुढची वेळ लवकरची ठरवा. मयुरीची परीक्षा संपली की आठ दिवस राहायलाच या. इथे काही काम सांगणार नाही.

एक राहिलं. हे झोपायला गेल्यावर मी तुमच्याजवळ बसून होते. मयुरीने विचारलं, “मम्मी, तू आता का जागी?” मी म्हटलं, आजच्या दिवस. घड्याळ बघितलं नाही. तुम्ही कूस बदललीत, हात पुढे करून चाचपडलात आणि झोपेतच म्हणालात, “माय, शे का?”

मी म्हटलं, “शे.”

तुम्ही पुन्हा झोपलात.

तुमची,
हेमलता